वैद्यकीय प्रवेशाची जागा : बक्षीस की अमानत?

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. माडिया गोंड बांधवांचे ते श्रद्धास्थान. दर वर्षी जानेवारी महिन्यात तेथे ठाकूरदेवाची यात्रा भरते. त्याच डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे आणि ते वाहून नेणाऱ्या ट्रकांची रांग आता आलापल्लीच्या रस्त्यावर नित्याची झाली आहे. खाणीबरोबर पैसा आला, पैशाबरोबर हेडरीला कंपनीचे रुग्णालयही उभे राहिले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत गडचिरोलीचेही नाव होते. जागा शंभर. इमारती, यंत्रे आणि खाटा पैशाने व शासकीय आदेशाने येतात. त्या शंभर जागांवर कोणाला बसवावे, हा प्रश्न मात्र पैशाने सुटणारा नाही.

या उद्घाटनाच्या महिनाभर आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, शेजारच्या अहेरी तालुक्यातील एक बातमी सर्व वृत्तपत्रांत आली होती. तापाने फणफणलेल्या दोन लहान भावांना आईवडिलांनी प्रथम पुजाऱ्याकडे नेले. तेथून जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रात आणले तेव्हा उशीर झाला होता. नंतर त्या मातापित्यांनी एकेक मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलवाट तुडवीत गाव गाठले. त्यावर रस्त्याची, रुग्णवाहिकेची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु त्या वाटचालीचा आरंभ कोठून झाला, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. घरात ताप शिरला तेव्हा त्या कुटुंबाचा पहिला विश्वास डॉक्टरवर नव्हता. ज्याची भाषा कळते, जो आपल्याला ओळखतो, त्याच्याकडे माणूस आधी जातो. त्या विश्वासाच्या जागी एखादा डॉक्टर उभा राहावा असे वाटत असेल, तर तो डॉक्टर कसा असावा आणि त्याला शोधावे कसे, हे विचारणे भाग आहे.

आपल्या देशात आज या शोधाचे एकच साधन आहे. १८० प्रश्न, ७२० गुण, एक दिवस. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलामुलींनी 'नीट' दिली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांतील बरोबर उत्तरांची बेरीज म्हणजे डॉक्टर होण्याची पात्रता. रुग्णाच्या अंगाला हात लावताना या मुलाचा हात कसा असेल, रात्री दोन वाजता दार ठोठावले गेले तर तो उठेल काय, चूक झाली तर लपवील की सांगेल, यांपैकी काहीही ही परीक्षा विचारत नाही. विचारू शकतही नाही.

तरीही या परीक्षेची निंदा करण्याची घाई करू नये. निदान आपण तरी करू नये. उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र मुलाचे आडनाव वाचत नाही. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी आणि मुंबईच्या नामांकित सर्जनचा मुलगा त्या यंत्रापुढे सारखेच असतात. देणगी घेऊन जागा विकण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना 'मुलाखत' या शब्दाआड काय काय चालत असे हे सांगावे लागत नाही. प्रवेशातील गैरव्यवहार रोखण्यासाठीच ही एकच परीक्षा आली. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज प्रदीर्घ मुलाखती घेऊन आपले विद्यार्थी निवडत असे. अशा अल्पसंख्याक संस्थांनाही 'नीट' बंधनकारक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. त्या संस्थेने त्यात काही गमावले, हे खरे. पण शंभर ठिकाणी जी पळवाट झाली होती, ती बंद करताना एका ठिकाणचा राजमार्गही बंद झाला, असेच म्हणावे लागते.

आता या प्रश्नाकडे इस्लामी शिकवणीच्या प्रकाशात पाहू. सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अ.स.) यांचा मदयनच्या पाणवठ्यावरील प्रसंग आला आहे. मेंढपाळांच्या गर्दीपासून दूर, आपली जनावरे आवरून उभ्या असलेल्या दोन मुलींना त्यांनी पाहिले, त्यांच्या जनावरांना पाणी पाजले आणि मोबदला न मागता सावलीत जाऊन बसले. पुढे त्यांपैकी एका मुलीने आपल्या वृद्ध वडिलांना सुचविले की यांना कामावर ठेवावे, आणि कारण देताना दोन गुण सांगितले. कामास ठेवण्याजोगा उत्तम माणूस तो, जो सामर्थ्यवान आहे आणि विश्वासपात्रही आहे. कुव्वत आणि अमानत. इस्लामी विद्वानांनी कोणत्याही जबाबदारीसाठी माणूस निवडण्याची कसोटी या दोन शब्दांवरच उभारली. हजरत यूसुफ (अ.स.) यांनी मिसरच्या भांडारांची जबाबदारी मागितली तेव्हाही त्यांनी आपले असेच दोन गुण पुढे केले : मी राखणारा आहे आणि जाणणारा आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या मुलीने मूसा (अ.स.) यांची परीक्षा घेतली नव्हती. आपल्याला कोणी पाहते आहे, या पाहण्यातून आपल्याला काही मिळणार आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती. परक्या मुलखात, भुकेल्या आणि थकलेल्या अवस्थेत त्यांनी जे केले, ते कोणत्याही अर्जाला जोडण्यासाठी केले नव्हते. म्हणूनच त्या मुलीची साक्ष मोलाची ठरली.

दोहोंपैकी एकच गुण असून भागते काय? हजरत अबू जर (र.) यांच्याइतका निःस्पृह आणि सत्यवचनी माणूस विरळा. त्यांनी एकदा अधिकारपद मागितले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावले की तुम्ही या कामासाठी दुर्बल आहात आणि ही एक अमानत आहे. वैद्यकाच्या बाबतीत तर प्रेषितांची (स.) शिकवण फारच स्पष्ट आहे : ज्याची वैद्यकातील जाण सर्वज्ञात नाही, त्याने उपचार केले आणि हानी झाली तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. नुसत्या सद्भावनेने टोचलेली सुई कोणाला बरे करीत नाही. तेव्हा 'गुण कमी असले तरी चालतील, मुलगा मनाने चांगला आहे' हा युक्तिवाद आपल्या शिकवणीत बसत नाही. सूरजागडच्या रुग्णालाही सक्षम डॉक्टरचाच अधिकार आहे. दुर्गम भागासाठी दुय्यम डॉक्टर पुरतो, ही कल्पनाच मुळात अन्यायाची आहे.

परंतु सामर्थ्याची एक किमान पायरी असते. ती ओलांडल्यावर पुढचा प्रत्येक गुण डॉक्टरला अधिक चांगला करतो काय? ६४० गुणांचा मुलगा ६२० गुणांच्या मुलीपेक्षा हिवतापाचे निदान अधिक अचूक करील, असे मानण्यास आधार नाही. तरीही त्या वीस गुणांच्या फरकाने जागा जाते, कारण जागांचे वाटप कोठेतरी थांबवावे लागते. येथे आपण एक गफलत करतो. वाटपाच्या सोयीला आपण न्यायाचे नाव देतो. मग तो मुलगा म्हणतो, त्याचे आईवडील म्हणतात आणि अवघा समाज म्हणतो : ही जागा माझी आहे, मी ती कमावली आहे.

खरा नैतिक प्रश्न येथे आहे. जागा कोणाची?

सूरह अन्-निसामध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याची आज्ञा आहे. भाष्यकार त्या आयतीचा संबंध काबागृहाच्या किल्लीशी जोडतात. मक्का विजयाच्या दिवशी ती किल्ली प्रेषितांच्या (स.) हाती होती. ती आपल्याला मिळावी अशी इच्छा त्यांच्या निकटच्या नातलगांनी व्यक्त केली. त्यांचा त्याग थोडाथोडका नव्हता, त्यांचा मानही मोठा होता. तरीही किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्याकडे परत गेली. तिची राखण पूर्वीपासून त्यांच्या घराण्याकडे होती. कोणाचे कष्ट किती, कोणाचे नाते किती जवळचे, या हिशेबाने अमानत वाटली गेली नाही.

वैद्यकीय महाविद्यालयातील जागा या अर्थाने रुग्णांची ठेव आहे. शासन ती जागा जनतेच्या पैशातून निर्माण करते, ते कोणा मुलाच्या बारावीतील कष्टांचे पारितोषिक म्हणून करत नाही. कष्टांचे मोल आहेच. पण कष्टाळूपणाचे बक्षीस द्यायचे असेल तर त्यासाठी पदके आणि शिष्यवृत्त्या आहेत. डॉक्टर होण्याची परवानगी म्हणजे परक्या माणसाच्या शरीरावर मिळालेला अधिकार. तो बक्षीस म्हणून देता येत नाही. आणि ठेव ज्यांची आहे ते रुग्ण, सूरजागडचे, भामरागडचे, कोरचीचे, निवडीच्या दिवशी हजर नसतात. त्यांच्या वतीने कोणी बोलतही नाही. काम योग्यता नसलेल्यांच्या हाती सोपविले जाऊ लागले की अमानत वाया गेली असे समजा आणि कियामतची वाट पाहा, हा प्रेषितांचा (स.) इशारा आपण राजकारण्यांच्या संदर्भात नेहमी ऐकवतो. प्रवेशाच्या यादीलाही तो तितकाच लागू होतो.

मग विश्वासपात्रता मोजावी कशी? महाराष्ट्रात याचा एक गंभीर प्रयत्न झाला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेची स्थापना केली. तेथील प्रवेशपरीक्षेत विज्ञानाच्या विषयांबरोबर गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. प्रवेश मिळालेल्या मुलांचे पहिले शिबिर आश्रमात होई आणि पुढे दत्तक गावात राहून त्यांना काम करावे लागे. 'नीट' आल्यावर ती प्रश्नपत्रिका गेली. अनेकांना त्याची हळहळ वाटते. मला त्या संस्थेबद्दल आदर आहे, पण त्या प्रश्नपत्रिकेबद्दल फार दुःख वाटत नाही. सत्य आणि सेवा यांवर उत्तम निबंध लिहिणे हे एक कौशल्य आहे. त्याचाही शिकवणीवर्ग निघू शकतो. आपल्याकडे दीनियातच्या परीक्षेत पहिला येणारा मुलगा शेजाऱ्याशी कसा वागतो, हे त्या निकालावरून कोठे कळते? सेवाग्रामचे खरे बळ त्या शिबिरात आणि गावात होते.

मुलाखतीचीही हीच गत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९७९ साली एक विलक्षण योगायोग घडला. ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपले विद्यार्थी मुलाखतीनंतर निवडून ठेवले होते आणि मग विधिमंडळाने आणखी पन्नास विद्यार्थी घेण्यास सांगितले. मुलाखतीत मागे पडलेल्यांमधून ते पन्नास घ्यावे लागले. पुढे दोन्ही गटांची तुलना केली, तेव्हा अभ्यासात आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेतील कामगिरीत त्यांच्यात फरक आढळला नाही. अनुभवी प्राध्यापकांनी तासभर बोलून जे ओळखले असे त्यांना वाटत होते, ते त्यांनी ओळखलेच नव्हते.

हजरत उमर (र.) यांच्यासमोर एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारलेले प्रश्न प्रसिद्ध आहेत. तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस काय? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले, तेव्हा ते म्हणाले की तू त्याला मशिदीत मान खाली-वर करताना पाहिले असशील. तू त्याला ओळखत नाहीस. चौदा शतकांपूर्वी विचारलेल्या या तीन प्रश्नांत निवडीचे सारे शास्त्र आले. माणूस कळतो तो सहवासाने, गैरसोयीत आणि पैशाच्या व्यवहारात. तासाभराच्या मुलाखतीत यांपैकी एकही नसते. आणि मनातली नियत तर अल्लाहशिवाय कोणीच जाणत नाही. वह्यी थांबल्यावर आम्ही तुमच्या प्रकट कृत्यांवरूनच तुमची पारख करू, असे हजरत उमर (र.) यांनी लोकांना सांगून ठेवले होते. म्हणजे निवड करणाऱ्याने मनात डोकावण्याचा आव आणू नये. जे दिसते, जे लोक सांगू शकतात, तेवढेच पाहावे.

अर्ज करणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाचे दिसण्याजोगे असे काय असते? तो कोठे वाढला, कोणती भाषा बोलतो आणि कोणात राहिला. एवढे निश्चित दिसते, आणि ते कमी नाही. जपानने १९७२ साली जिची नावाचे एक वैद्यकीय विद्यापीठ काढले. तेथे प्रत्येक प्रांतातून मुले निवडतात आणि पदवीनंतर नऊ वर्षे त्यांनी आपापल्या प्रांतात सेवा करायची असते. फिलिपाईन्समध्ये मिंदानाओ बेटावरील झांबोआंगा येथे १९९४ साली सुरू झालेल्या महाविद्यालयाने स्थानिक मुलेच घेतली आणि त्यांचे बहुसंख्य पदवीधर त्याच भागात राहिले. मिंदानाओमध्ये आपल्या धर्मबांधवांची मोठी वस्ती आहे, हे जाता जाता नोंदवतो. ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी घ्यावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० पासून केली आहे.

महाराष्ट्रात प्रवाह उलट गेला. आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या त्या विभागातील मुलांसाठी राखण्याचे सूत्र होते. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. मराठवाड्यातील गुणवान मुलांवर त्या सूत्राने अन्याय होत होता, ही तक्रार खोटी नव्हती. शिवाय 'विदर्भ' या शब्दात नागपूरही येते आणि सूरजागडही येते. त्या सूत्राचा लाभ कोणाला होत असेल, हे सांगायला नको. अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा आहेत, पण त्या साऱ्या राज्यातील जमातींसाठी आहेत. 'नीट' मराठीतून देता येते, माडियातून नाही. एटापल्लीच्या आश्रमशाळेतील मुलगी आपल्या आईशी ज्या भाषेत बोलते, ती कोणत्याच प्रश्नपत्रिकेची भाषा नाही. मात्र तापाने फणफणलेल्या मुलाची आई डॉक्टरपुढे बसते तेव्हा नेमकी तीच भाषा लागते. तीन ओळी मराठीत न सांगता आल्याने मान खाली घालून परत जाणाऱ्या बाईला कोणत्या अतिदक्षता विभागाचा उपयोग?

स्थानिक माणूस निवडला तर काय होते, याचा दाखला परदेशात शोधायचीही गरज नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत काम करीत आहेत. त्यांनी गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्यास, जंतुसंसर्ग ओळखण्यास आणि इंजेक्शन देण्यासही शिकविले. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या आरोग्यदूत बायकांचे 'नीट'मधील गुण किती भरले असते? पण हजरत उमर (र.) यांच्या पहिल्या प्रश्नाला त्या उत्तीर्ण होत्या, ज्यांची बाळे त्या पाहात, त्यांच्या त्या शेजारी होत्या. आणि शिक्षणाने त्यांना दुसरा गुण, सामर्थ्य, मिळाले. हेमलकशाच्या आश्रमशाळेतून शिकून माडिया मुले डॉक्टर झाली आहेत, ती याच वाटेवरची पुढची पावले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आदिवासी मुलाने डॉक्टर व्हावे ते आदिवासींसाठीच काय? शहरातल्या मुलाला जगभर जाण्याची मोकळीक, आणि जंगलातल्या मुलाला पुन्हा जंगल? सेवेचे ओझे दुर्बळावरच टाकणे हा अदल नव्हे. मला वाटते, याचे उत्तर ओझे सर्वांवर टाकण्यात आहे. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या प्रत्येकावर एका वर्षाच्या सेवेचे बंधपत्र आजही आहे. न केल्यास दहा लाख रुपये भरून सुटण्याची सोय त्यात होती. ज्याच्याकडे दहा लाख होते, त्याला ते बंधन म्हणजे केवळ एक दर होता. दिलेला शब्द विकत घेण्याची सोय ठेवणारा करार आपल्या मापाने करारच नव्हे. असा दर नसला, तर निवडीचे निम्मे काम आपोआप होईल. ज्यांना जायचे नाही ती मुले अर्ज करतानाच विचार करतील.

प्रवेशाच्या दिवशी निवड संपते, ही समजूतही सोडली पाहिजे. हिजरी ३१९ मध्ये बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला. खलीफा मुक्तदिर यांनी आज्ञा केली की सिनान बिन साबित यांनी परीक्षा घेतल्यावाचून कोणी वैद्यकी करू नये. आठशे साठहून अधिक वैद्य त्या परीक्षेला बसले. त्यांत एक भारदस्त वृद्ध आला. सिनान यांनी आदराने बसवून घेतले, तेव्हा त्याने दीनारांची पुडी पुढे ठेवली आणि सांगून टाकले की मला लिहिता-वाचता येत नाही, पण घर याच धंद्यावर चालते. सिनान हसले आणि एका अटीवर त्याला सोडले : जे कळत नाही त्यावर उपचार करायचे नाहीत, रक्त काढायचे नाही, जहाल जुलाब द्यायचा नाही. इतिहासकारांनी ही गोष्ट गमतीने सांगितली आहे. त्या अटीत मात्र आपली मर्यादा ओळखण्याचा धडा आहे, आणि तो कोणत्याही वयात तपासता येतो.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुढे गैरवर्तनासाठी शिक्षा झालेल्या डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतील नोंदी तपासल्या गेल्या. महाविद्यालयातच बेजबाबदारपणा करणारे आणि चूक दाखवूनही न सुधारणारे विद्यार्थी त्यांत अधिक निघाले. म्हणजे लक्षणे दिसत होती. पाहणाऱ्यांनी डोळेझाक केली होती. आपल्याकडे आता वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे वारंवार जायचे असते. बहुतेक ठिकाणी याची वही भरली की काम संपते. पण समजा, गडचिरोलीच्या महाविद्यालयाने त्या कुटुंबांनाच विचारले : हा मुलगा आला काय? पावसाळ्यात आला काय? तुमच्या घरचे पाणी प्याला काय? सांगितलेला शब्द पाळला काय? शेजार, प्रवास आणि व्यवहार, तिन्हींची साक्ष त्या अंगणात मिळेल, आणि ती देणारे लोक तेच असतील ज्यांची ही ठेव आहे.

इमाम गजाली (रह.) यांनी आपल्या काळातील तक्रार लिहून ठेवली आहे. वैद्यक हे फर्जे किफाया. गावात एकही वैद्य नसेल तर सारे गाव दोषी. तरी लोक मान आणि पदे मिळवून देणाऱ्या विद्यांकडेच धावतात, असे त्यांना दिसत होते. आज वैद्यकच मान आणि पद मिळवून देणारी विद्या झाली आहे, आणि आपल्या घरांतूनही मुले तिकडे धावू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. जकातीच्या आणि देणग्यांच्या पैशातून 'नीट'च्या शिकवणीचे शुल्क भरणाऱ्या संस्था शहरोशहरी निघाल्या आहेत. त्यांच्या अर्जावर दहावीची टक्केवारी विचारलेली असते, वडिलांचे उत्पन्न विचारलेले असते. येथे कोणतेही न्यायालय किंवा नियम आडवा येत नाही. मुलगा ज्या मोहल्ल्यात राहतो तेथल्या दोन शेजाऱ्यांना, त्याला उधार देणाऱ्या दुकानदाराला आणि त्याच्या आजारी आजीला आणखी चार प्रश्न विचारण्यास एक दुपार पुरते.